दप्तराच्या तळाशी गेलेली उत्तरपत्रिका: दहावीची परीक्षा आणि सेतू वर्ग यांतून अकरावी-बारावीची तयारी कशी करायची

तपासलेल्या उत्तरपत्रिका वाटल्या की वर्गात ठरलेलं नाटक होतं. पहिल्या पानावरचा आकडा बघायचा, शेजाऱ्याचा विचारायचा, बेरीज चुकली आहे का ते दोनदा तपासायचं. पाचव्या मिनिटाला त्याच उत्तरपत्रिकेच्या चार घड्या होऊन ती दप्तराच्या तळाशी जाते. मी वरच्या वर्गांना, म्हणजे अकरावी-बारावीला शिकवतो. दरवर्षी नवी तुकडी समोर येते, पहिल्या चाचणीत निम्म्या मुलांची गाडी अडते, आणि मी त्यांना आदल्या वर्षीची उत्तरपत्रिका आणायला सांगतो. बहुतेकांकडे ती नसते. ज्यांच्याकडे सापडते त्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट जवळजवळ नेहमी दिसते: आज जिथे अडलं, तिथेच आदल्या वर्षीही अडलं होतं. तेव्हा उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले, म्हणून कुणी तिकडे वळून पाहिलं नाही.

वर्षअखेरची परीक्षा आणि वरच्या वर्गाचा अभ्यास थोडा आधी सुरू करून देणारे सेतू वर्ग या खरं तर एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. गळती कुठे आहे ते परीक्षा दाखवते, आणि ती बुजवायला थोडा मोकळा वेळ सेतू वर्ग देतात. शाळा बहुधा या दोन गोष्टी वेगवेगळ्या राबवतात. परीक्षा विभागाचं काम निकालापाशी संपतं आणि सेतू वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी तो निकाल पाहिलेलाही नसतो. त्यामुळे दोन्ही टोकं जोडायची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते. ती कशी पार पाडायची, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. मी हे विद्यार्थ्यांना उद्देशून लिहितो आहे. पालक आणि शिक्षकांसाठी थोडं मागाहून येईल.

टप्पा पहिला: नेमकं काय बदलणार आहे ते समजून घ्या

‘अभ्यास खूप वाढतो’ हे सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण त्याने तयारी कशाची करायची ते कळत नाही. पानं वाढतात ही गोष्ट सर्वांत कमी त्रासाची. खरा बदल होतो तो प्रश्नाच्या क्रियापदात.

खालच्या वर्गात प्रश्न असतो, ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?’ वरच्या वर्गात तुमच्यासमोर एक आलेख ठेवतात आणि विचारतात, ‘प्रकाशाची तीव्रता वाढवत नेली तरी एका मर्यादेनंतर प्रकाशसंश्लेषणाचा वेग का वाढला नाही, ते आलेखाच्या आधारे स्पष्ट करा.’ व्याख्या तोंडपाठ असलेला विद्यार्थी इथे ती व्याख्या लिहून मोकळा होतो आणि सहापैकी एक गुण घेऊन येतो. प्रश्नाला हवं असतं ते वेगळंच: आलेख सपाट कुठे होतो ते दाखवायचं आणि त्या टप्प्यावर प्रकाश पुरेसा असून कार्बन डायऑक्साइड किंवा तापमान कमी पडतं आहे, हे कारण मांडायचं. माहिती दोन्हीकडे तीच. दुसऱ्या प्रश्नात ती कामाला लावावी लागते.

भाषेत आणि इतिहासातही हेच. ‘नायकाचं वर्णन करा’ मागे पडतं आणि ‘नायकाचा निर्णय त्याच्या स्वभावातून येतो की परिस्थितीतून, तुमचं मत साधार मांडा’ हा प्रश्न येतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये आकलनाच्या पायऱ्यांची मांडणी केली. आठवण, समज, वापर, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन अशी ती चढण आज जगभरच्या प्रश्नपत्रिकांमागे असते. खालच्या वर्गात बहुतेक गुण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर मिळतात, वरच्या वर्गात ते वर सरकतात.

गणितातला बदल वेगळा, आणि मला विचाराल तर सगळ्यांत क्रूर. तिथे मागच्या वर्षीचा धडा या वर्षीची भाषा होतो. डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा वेग काढायची रीत, कॅल्क्युलसची सुरुवात. त्याच्या अगदी पहिल्या उदाहरणात (क्ष + ह)² चा विस्तार करायचा, त्यातून क्ष² वजा करायचं आणि उरेल त्याला ह ने भागायचं असतं. विस्तार करताना मधलं २क्षह हे पद विसरायची ज्याला सवय आहे, त्याचं पुढचं सगळं कोसळतं. तो घरी जाऊन सांगतो, ‘मला कॅल्क्युलस जमत नाही.’ कॅल्क्युलसशी त्याची अजून भेटही झालेली नसते.

दुसरा बदल गुणांच्या हिशेबाचा. शेवटच्या एका परीक्षेवर सगळं, असं चित्र आता अनेक ठिकाणी राहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात बारावीच्या शालान्त परीक्षेत विषयाचे निम्मे गुण वर्षभराच्या शालेय मूल्यमापनाचे आणि निम्मे अंतिम परीक्षेचे असतात. त्याच देशातल्या क्वीन्सलंडमध्ये गणित आणि विज्ञानाच्या विषयांत सर्वसाधारणपणे ५० टक्के आणि इतर बहुतेक विषयांत २५ टक्के वजन बाह्य परीक्षेला असतं, बाकीचं शाळेतल्या कामाला. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट डिप्लोमात (अनेक देशांत चालणारा अकरावी-बारावीच्या पातळीचा अभ्यासक्रम) सहा विषय असतातच, शिवाय स्वतः विषय निवडून ४,००० शब्दांपर्यंतचा संशोधनपर निबंध लिहावा लागतो. अशा पद्धतीत ‘शेवटचे दोन महिने जोर लावू’ हा बेत म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. तुम्ही जोर लावायला बसता तोवर एक मोठा वाटा नोंदवून झालेला असतो.

म्हणून पहिलं काम सोपं आहे. तुम्ही घेणार असलेल्या प्रत्येक विषयाची वरच्या वर्गाची एक जुनी प्रश्नपत्रिका मिळवा. ती सोडवू नका. फक्त क्रियापदांखाली रेघ मारा आणि तुमच्या आत्ताच्या प्रश्नपत्रिकेशेजारी ठेवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

टप्पा दुसरा: परीक्षेआधीचा अभ्यास

इथे फार रेंगाळत नाही, कारण परीक्षेचा अभ्यास कसा करावा यावर सल्ल्यांचा पूर आलेला आहे. दोनच गोष्टी सांगतो.

एक, पुस्तक मिटून आठवा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पुन्हा घेतली तेव्हा त्यांना साधारण ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. यातली पाच मिनिटांची बाब लक्षात ठेवा. वाचून झाल्या झाल्या ‘मला सगळं येतंय’ असं वाटतं आणि त्या क्षणापुरतं ते खरंही असतं. रंगीत पेनने ओळी रंगवण्याची लोकप्रियता यातूनच येते.

दोन, गुणामागे मिनिटं काढा. तीन तासांचा १०० गुणांचा पेपर असेल तर १८० मिनिटं. प्रश्नपत्रिका वाचायला १० आणि शेवटी तपासायला १० मिनिटं वजा केली की उरतात १६०, म्हणजे एका गुणाला सुमारे दीड मिनिट. पाच गुणांच्या प्रश्नाला आठ मिनिटं. हा आकडा पेपरला जाताना डोक्यात हवा. काही ठिकाणी वाचनाचा वेळ वेगळा मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या बारावीच्या लेखी परीक्षांत तो १५ मिनिटांचा असतो. त्या वेळात कोणते प्रश्न आधी सोडवायचे ते ठरवायचं असतं. नुसतं टक लावून बघत बसण्यात तो घालवू नका.

टप्पा तिसरा: उत्तरपत्रिकेची चिरफाड

या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

उत्तरपत्रिका हातात आल्यावर त्याच दिवशी हात लावू नका. आनंद असो वा राग, त्या भरात काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बसा, पहिल्या पानावरच्या एकूण गुणांवर कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि आतली शिक्षकांची लाल शाई वाचायला घ्या. चिठ्ठी का, तर संशोधक रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात फक्त शेरे मिळालेली मुलं सुधारली. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही. आकडा दिसला की डोळे पुढचं वाचतच नाहीत, हे आपण स्वतःवरूनही ताडू शकतो.

आता वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने आखा. गेलेला प्रत्येक गुण यांपैकी एका रकान्यात बसलाच पाहिजे.

पहिला रकाना: *माहीतच नव्हतं.* तो भाग वाचला नव्हता किंवा वर्गात कळला नव्हता.

दुसरा: *माहीत होतं, आठवलं नाही.* घरी येऊन पुस्तक उघडल्यावर कपाळावर हात मारला.

तिसरा: *येत होतं, पण विचारलेलं लिहिलं नाही.* तुलना करायची होती, दोघांचं वेगवेगळं वर्णन केलं. तीन कारणं मागितली, एकच सविस्तर दिलं. उत्तर बरोबर, पण पायऱ्या नाहीत.

चौथा: *हातून सुटलं.* वेळ संपला, एकक लिहिलं नाही, ऋण चिन्ह पुढच्या ओळीत आलंच नाही, उपप्रश्न दिसला नाही.

समजा, एका मुलीला विज्ञानात १०० पैकी ६२ मिळाले. गेले ३८. तिने रकाने भरले: पहिल्यात ९, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १४, चौथ्यात ७. ती म्हणत होती, ‘माझं सायन्स कच्चं आहे.’ रकाने म्हणतात, सायन्स कच्चं असल्यामुळे गेले ते नऊ. चौदा गुण प्रश्न नीट न वाचल्यामुळे आणि उत्तर बांधता न आल्यामुळे गेले. तिने सुट्टीत विज्ञानाचं पुस्तक तीनदा वाचून काढलं तरी हे चौदा गुण परत येणार नाहीत. आणि वरच्या वर्गात प्रश्न आणखी गुंतागुंतीचे होतात, म्हणजे हाच रकाना आधी फुगणार.

प्रत्येक रकान्याचा उपाय वेगळा आहे. पहिल्याला शिक्षक हवा किंवा नवं पुस्तक हवं. ती संकल्पना कुणीतरी दुसऱ्या पद्धतीने समजावून द्यायला हवी. दुसऱ्याला मघाशी सांगितलेलं मिटून आठवणं हवं, दिवसांचं अंतर ठेवून. तिसऱ्यासाठी लिहिण्याचा सराव: गुणदानाचा तक्ता समोर ठेवून तेच उत्तर पुन्हा लिहायचं आणि प्रत्येक गुण कुठल्या वाक्यावर मिळतो ते समासात दाखवायचं. मी मुलांना प्रत्येक विषयातली दोनच उत्तरं अशी नव्याने लिहायला लावतो. दहा सांगितली तर कुणी एकही लिहीत नाही. चौथ्यासाठी घड्याळ लावून सराव आणि स्वतःची तपासणी-यादी: एकक, चिन्ह, उपप्रश्न, शेवटचं पान.

चौथ्या रकान्याला मुलं लाडाने ‘सिली मिस्टेक’ म्हणतात. माझ्या वर्गात या शब्दाला बंदी आहे. तीन परीक्षांत तीनदा ऋण चिन्ह हरवलं तर त्यात सिली काही उरत नाही, ती सवय झाली. ‘सिली’ म्हटलं की ती आपोआप माफ होते आणि पुन्हा येते. ये रे माझ्या मागल्या.

अनेक बोर्डांच्या परीक्षांत उत्तरपत्रिका आपोआप हातात येत नाही. तिथे पेपर झाल्या दिवशी संध्याकाळी प्रश्नपत्रिकेवरच पेन्सिलने नोंद करा: खात्रीचं, अर्धवट, अंदाजाने, सोडलं. पुढच्या पेपरचा अभ्यास असतो, म्हणून दहा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. परीक्षा संपल्यावर या खुणांवरून चार रकाने भरता येतात. दोन महिन्यांनी निकाल लागल्यावर आठवायला बसलात तर काही आठवणार नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा सर्वांत मोठा झपाटा पहिल्या काही तासांत आणि दिवसांत असतो.

टप्पा चौथा: विषय निवडताना

विषयांची निवड बहुधा एकूण गुणांवरून होते. ज्यात जास्त, तो घ्यायचा. मी रकाने बघायला सांगतो. एखाद्या विषयात गुण कमी असतील, पण गेलेले गुण पहिल्या आणि चौथ्या रकान्यातले असतील, तर तो विषय हातचा आहे. याउलट ८५ गुण मिळाले असतील, पण ते सगळे ‘व्याख्या लिहा’ आणि ‘रिकाम्या जागा भरा’ यांतून आले असतील आणि स्पष्टीकरणाच्या प्रश्नांत दर वेळी निम्मे गेले असतील, तर सावध व्हा. वरच्या वर्गात तेच प्रश्न भरपूर असतात.

आणखी एक तपासा: कुठला विषय कशावर उभा आहे. भौतिकशास्त्राला त्रिकोणमिती आणि सदिश (व्हेक्टर) लागतात, रसायनशास्त्राला गुणोत्तर-प्रमाण आणि घातांक, अर्थशास्त्राला आलेख वाचता येणं. गणिताचा सोपा पर्याय घेऊन भौतिकशास्त्र ठेवायचं असेल तर आधी त्या विषयाच्या शिक्षकांशी बोला. हा घोळ सत्र सुरू झाल्यावर लक्षात येतो, तेव्हा बदलाची मुदत संपत आलेली असते.

टप्पा पाचवा: सेतू वर्गातून काय काढून घ्यायचं

सेतू वर्गांची रूपं वेगवेगळी आहेत. व्हिक्टोरियात वर्षअखेरच्या परीक्षा झाल्या की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अनेक शाळा एक-दोन आठवड्यांचा ‘हेडस्टार्ट’ घेतात: पुढच्या वर्षीचे विषय, शक्यतो पुढच्या वर्षीचेच शिक्षक, आणि सुट्टीसाठी पहिलं काम. न्यू साउथ वेल्समध्ये तर शालेय वर्षाच्या शेवटच्या सत्रातच बारावीचा अभ्यासक्रम सुरू होतो. इंग्लंडमध्ये उन्हाळ्याच्या सुरुवातीला जीसीएसई (साधारण सोळाव्या वर्षी द्यायची सार्वजनिक परीक्षा) संपते आणि ए लेव्हलचे, म्हणजे त्यापुढच्या दोन वर्षांचे वर्ग सप्टेंबरमध्ये भरतात. मधल्या काळासाठी अनेक शाळा प्रत्येक विषयाचं ‘ब्रिजिंग वर्क’ देतात. आयर्लंडचा प्रकार सगळ्यांहून निराळा. तिथे १९७४ पासून कनिष्ठ आणि वरिष्ठ टप्प्यांच्या मधे एक अख्खं ‘ट्रान्झिशन इयर’ आहे. त्या वर्षात मोठी सार्वजनिक परीक्षा नसते, प्रकल्प आणि कामाचा अनुभव यांवर भर असतो. तिथे धडे पुढे सरकवण्यापेक्षा मूल थोडं मोठं होण्याला वेळ दिला जातो.

रूप कुठलंही असो, एक अडचण सगळीकडे सारखी: या वर्गांना गुण नसतात. परीक्षा संपलेली, हवा सुट्टीची, निम्मे मित्र गैरहजर. ‘नंतर परत शिकवतीलच’ अशी समजूत असते. बहुतेक वेळा परत शिकवत नाहीत. एकदा उजळणी होते, आणि ती तुम्ही आधी ऐकलं आहे असं धरून होते. सेतू वर्गात घेतलेला पहिला धडा सहसा पायाचा असतो: रसायनात मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक) ही संकल्पना, गणितात फलन (फंक्शन), इतिहासात ऐतिहासिक साधनांची पारख. मोल कळला नाही तर पुढचे निम्मे धडे अंगावर येतात. म्हणून जाच.

जाताना चार रकान्यांचं पान बरोबर न्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक विषयासाठी या गोष्टी हाती लागल्या पाहिजेत:

– अभ्यासक्रमाचा आराखडा आणि कुठल्या कामाला किती वजन आहे त्याचा तक्ता;
– मोठ्या चाचण्या आणि प्रकल्प साधारण कुठल्या आठवड्यांत येतात;
– काम उशिरा दिलं किंवा आजारपणात चाचणी बुडाली तर नियम काय;
– उत्तम गुण मिळालेल्या आणि मध्यम गुण मिळालेल्या उत्तराचा एकेक नमुना.

शेवटची गोष्ट मागायला मुलं लाजतात. लाजू नका. दोन्ही नमुने शेजारी ठेवून वाचलं की ‘विश्लेषण म्हणजे नेमकं काय’ हे तासाभराच्या व्याख्यानापेक्षा लवकर कळतं. मध्यम उत्तरात सहसा चुकीचं काही नसतं. ते फक्त सांगतं आणि थांबतं. उत्तम उत्तरात ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘याउलट’, ‘मात्र’ हे शब्द काम करताना दिसतात.

मग शिक्षकांना गाठा आणि नेमका प्रश्न विचारा. ‘सर, काय अभ्यास करू?’ याला कुणी काय उत्तर देणार? त्याऐवजी असं विचारा: ‘तुलनेच्या प्रश्नांत माझे गुण जातात. हे बघा माझं उत्तर. यात काय कमी आहे?’ असा प्रश्न विचारणारं मूल शिक्षकांच्या लक्षात राहतं, हेही सांगून ठेवतो.

सेतू वर्गाचं तुमचं स्वतःचं वेळापत्रकही इथेच तपासून घ्या. वरच्या वर्गात मधेमधे मोकळे तास मिळतात, आणि नवख्या माणसाला ते सुट्टीसारखे वाटतात. एका मोकळ्या तासात नक्की कुठे बसून काय होतं, ते या आठवड्यात दोनदा करून बघा. वाचनालयात मित्रांच्या टेबलाशी बसलात तर काय होतं, तेही कळेल.

काही शाळांमध्ये सेतू वर्ग म्हणजे स्वागताची भाषणं, गटखेळ आणि ‘स्वप्नं मोठी बघा’ एवढंच असतं. गटखेळांना माझा विरोध नाही, नवे चेहरे ओळखीचे होतात आणि तेही लागतं. पण आठवडा तेवढ्यातच संपत असेल तर वरची यादी शिक्षकांकडून स्वतः मागून घ्या. आणि जिथे सेतू वर्ग भरतच नाही, तिथे वरच्या वर्गातला एखादा दादा किंवा ताई, त्यांच्या जुन्या वह्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका यांवर दोन आठवड्यांचा घरगुती सेतू बांधता येतो. दोघा-तिघांनी मिळून केलात तर टिकतो.

टप्पा सहावा: सुट्टी

पहिला आठवडा, हवा तर दीड, काहीही करू नका. मनापासून सांगतो. दमलेलं डोकं घेऊन सुरू केलेली ‘आगाऊ तयारी’ नव्याचे नऊ दिवस चालते आणि मग अपराधी वाटत राहतं.

त्यानंतर आठवड्याला चार तास पुरतात. दोन तास पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातल्या जुन्या गळतीला, एक तास सेतू वर्गात दिलेल्या कामाला, एक तास वाचनाला. वाचन विषयाबाहेरचं चालेल, फक्त सलग, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. वरच्या वर्गात तीन पानांचा उतारा एका दमात वाचून त्यावर मत द्यायचं असतं, आणि ती बैठक गेल्यात जमा झालेली मुलं मी दरवर्षी बघतो.

जुना भाग एका बैठकीत संपवू नका. उजळणीत अंतर किती ठेवावं यावर मानसशास्त्रज्ञ निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा ढोबळ अर्थ असा की जितके जास्त दिवस लक्षात ठेवायचं, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर मोठं हवं. आठवड्यापुरतं हवं असेल तर एक-दोन दिवसांचं, वर्षभर टिकवायचं असेल तर काही आठवड्यांचं. बीजगणिताचा विस्तार तुम्हाला दोन वर्षं लागणार आहे. तो सुट्टीत तीनदा घ्या: सुरुवातीला, मधे आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, दर वेळी अर्धा तास. एकाच दिवशी दीड तास बसण्यापेक्षा हे जास्त टिकतं. अर्थात मधल्या खेपेला बरंच विसरलेलं निघेल आणि चिडचिड होईल. ती होऊ द्या, विसरत आलेलं खणून काढण्यातूनच ते पक्कं होतं.

टप्पा सातवा: पहिले सहा आठवडे

पहिल्या चाचणीत गुण घसरतील अशी तयारी ठेवा. ८५ वाला ६५ वर येतो आणि घरात सन्नाटा पसरतो. पण मोजपट्टीच बदललेली असते. आधी सांगितलेल्या आलेखाच्या प्रश्नासारखे प्रश्न सोडवून आलेले ६५ आणि रिकाम्या जागा भरून आलेले ८५ यांची तुलना होत नाही.

या काळात आठवड्यातून एक तास ‘चुकांच्या वही’साठी राखून ठेवा, वार आणि वेळ ठरवून. त्या आठवड्यात गृहपाठात, वर्गात, छोट्या चाचणीत जे चुकलं ते चार रकान्यांत टाका, जुन्या पानाशेजारी. झोप कापून अभ्यास वाढवू नका. १३ ते १८ वयोगटाला रोज ८ ते १० तास झोप लागते, अशी अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीची २०१६ ची शिफारस आहे, आणि रात्री दोनपर्यंत जागून आलेलं मूल पहिल्या तासाला कसं दिसतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा.

पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी थोडं

पालकांनी एकच प्रश्न बदलावा. ‘किती मिळाले?’ याचं उत्तर आकडा असतं आणि त्यावर बोलणं संपतं किंवा भांडण सुरू होतं. ‘गेले ते कुठे गेले?’ विचारलंत तर मूल वही उघडतं. शेजारच्या मुलाचे गुण या संभाषणात आणू नका. त्याचे रकाने तुम्हाला ठाऊक नाहीत.

शिक्षक मित्रांना तीन विनंत्या. वर्षअखेरच्या उत्तरपत्रिका सेतू वर्ग सुरू होण्याआधी मुलांच्या हातात द्या, सुट्टीनंतर नको. तेव्हा त्या वरातीमागून घोडं ठरतात. सेतू वर्गाच्या पहिल्या दिवशी वीस मिनिटांची बिनगुणांची चाचणी घ्या, पायाच्या पाच-सहा कौशल्यांवर. आणि कुठल्या प्रश्नात निम्म्या वर्गाचे गुण गेले, ही यादी खालच्या वर्गाच्या शिक्षकांनी वरच्या वर्गाच्या शिक्षकांना एका कागदावर द्यावी. मी स्वतः हा कागद मागायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं लोकांना वाटलं, मी चुका काढतोय. तिसऱ्या वर्षी तो न मागता आला. त्यात वरच ‘आलेखावरून निष्कर्ष’ असं लिहिलेलं होतं, आणि मी माझा पहिला आठवडा त्यावरच बेतला.

पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका हातात आली की पुन्हा एक दिवस थांबा, आकड्यावर चिठ्ठी लावा आणि रकाने भरा. मग दहावीचं पान शेजारी ठेवा. तिसऱ्या रकान्यात तेव्हा १४ होते आणि आता ९ असतील, तर एकूण गुण घसरलेले असले तरी सुट्टीतली मेहनत लागू पडली. तो रकाना तसाच असेल तर दोन उत्तरं नव्याने लिहा आणि याच आठवड्यात शिक्षकांना दाखवा.